वळीव, जवस आणि सव्वासहाची गाडी

गेली अठ्ठावीस वर्षं मी कोल्हापुरात चष्मे विकतो. या काळात गिऱ्हाइकांना सगळ्यात जास्त वेळा ऐकवलेलं वाक्य एकच : ‘‘डोळे बारीक करून बघू नका.’’ पाटीवरची शेवटची ओळ वाचायला सांगितली की माणूस हमखास पापण्या आवळतो, एखाददुसरं अक्षर चोरून वाचतो आणि पाव नंबर वाचवल्याच्या आनंदात घरी जातो. अशा माझ्यासारख्याला चोपन्नाव्या वर्षी तैलरंगात निसर्गचित्र शिकायची हौस आली आणि पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, ‘‘डोळं बारीक करून बघ.’’

मी म्हटलं, ‘‘मास्तर, असं बघणाऱ्यांवर माझं पोट चालतं.’’

‘‘मग तुला जमंल.’’

गंमत अशी की गिऱ्हाईक डोळे बारीक करतं ते जास्त स्पष्ट दिसावं म्हणून, आणि चित्रकार करतो ते कमी दिसावं म्हणून. चांगला चष्मा लावलेल्या माणसाने पापण्या अर्ध्या मिटल्या की पानं, दगड, म्हशी, विजेच्या तारा सगळं विरघळतं आणि उजेड-अंधाराचे तीन-चार मोठे तुकडे उरतात. चित्र त्या तुकड्यांचं काढायचं. म्हशी मागाहून. हे मला कळायला दोन महिने लागले, कारण मी आयुष्यभर शेवटच्या ओळीकडे बघत आलेला माणूस. मला आधी म्हैसच दिसते.

कोल्हापुरात ‘मी चित्र काढतो’ म्हणणं म्हणजे इचलकरंजीत जाऊन ‘मी कापड विणतो’ म्हणण्यासारखं आहे. इथे कोटीतीर्थाच्या काठी आबालाल रहिमान निसर्गचित्रं काढत बसायचे. इथे बाबूराव पेंटरांनी सिनेमाच्या आधी नाटकांचे पडदे रंगवले. चंद्रकांत मांडऱ्यांसारखा सिनेमातला देखणा नट इथे पावडर शेडिंगची चित्रं करायचा. त्यामुळे गावात प्रत्येक तिसऱ्या घरात एक काका असतात, जे ‘जेजे’ला जाणारच होते, पण. या ‘पण’च्या पुढे कुणी कधी गेलेलं नाही, तरी त्या काकांना तुमच्या चित्रावर मत देण्याचा अधिकार कायमचा मिळालेला असतो. माझ्या दुकानात असे सात काका येतात. सातांचेही चष्मे बायफोकल आहेत. वरच्या काचेतून ते मला बघतात आणि खालच्या काचेतून माझ्या चुका.

आता तैलरंगच का, जलरंग का नाही? आपल्याकडे निसर्गचित्र म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जलरंग येतो : पाठीला पिशवी, हातात पाण्याची बाटली, वाईचा घाट, तासाभरात चित्र तयार. पण मला वळवाचं आभाळ रंगवायचं होतं, आणि वळवात जलरंग घेऊन बसणं म्हणजे पावसालाच ब्रश देणं. त्याचा पहिला थेंब तुमच्यापेक्षा चांगला वॉश मारतो. तेलाचं तसं नाही. ओल्या तैलचित्रावर पाणी पडलं तर मोत्यांसारखं ओघळून जातं. एवढ्या एका मुद्द्यावर मी तैलरंगाच्या बाजूने मत दिलं. उमेदवाराची बाकी चौकशी केली नाही.

बाकी चौकशी केली असती तर कळलं असतं की हा रंग म्हणजे मुळात जवसाचं तेल आहे. आपल्या चटणीतल्या जवसाचं. त्या तेलात रंगाची पूड घोटली की तैलरंग झाला. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘जवस व्हय? मग भाकरीबरबर खायाचं सोडून भिंतीला कशाला लावालाय?’’ मी तिला बाकीच्या गोष्टी सांगितल्याच नाहीत. ती माळकरी आहे, आणि तैलरंगाचे ताठ ब्रश डुकराच्या केसांचे असतात. धातूची दाबायची ट्यूब निघाली नव्हती तोवर चित्रकार रंगही डुकराच्या फुग्यात, म्हणजे मूत्राशयात, बांधून ठेवत. ट्यूबचं पेटंट जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने 1841 साली घेतलं. घरात शांतता नांदते आहे, त्याचं थोडं श्रेय मी त्याला देतो.

जवसाच्या तेलाची खरी गंमत त्याच्या वाळण्यात आहे. धुणं वाळतं म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. हे तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन खातं आणि हळूहळू घट्ट होतं. म्हणजे तैलचित्र वाळताना त्याचं वजन थोडं वाढतं. नुसतं भिंतीला टेकून बसायचं, हवा खायची आणि वजन वाढवायचं, हा दिनक्रम मला ओळखीचा वाटला. बर्न्ट अंबरसारखा मातकट रंग पातळ लावला तर दिवसा-दोन दिवसांत वाळतो, कारण त्यात मँगनीज असतं आणि ते तेलाला घाई करतं. पांढऱ्याला कसलीच घाई नसते. आणि आभाळात पांढरा लागतो वाटीने.

म्हणजे हिशेब असा. वळवाचा ढग तीन मिनिटांत रूप बदलतो. तो ज्या रंगात धरायचा, तो रंग वाळायला आठवडा घेतो. ससा रंगवायला कासवाची नेमणूक. तरी ही चूक जगातल्या मोठमोठ्या माणसांनी केली आहे, आणि त्याचा मला फार आधार वाटतो.

वळीव ज्यांनी घाटावर बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मे महिना. दिवसभर भट्टी. चारच्या सुमाराला पूर्वेकडे फुलकोबीसारखे ढग चढायला लागतात. चढतात म्हणजे किती? माथा बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो आणि खालचा भाग शाईत बुडवल्यासारखा होतो. सूर्य मात्र अजून पश्चिमेला, उघड्या आभाळात, तिरपा. त्यामुळे एरवी कधी होत नाही ते होतं. एरवी आभाळ उजळ आणि जमीन गडद असते. वळवात आभाळ काळंनिळं आणि त्याच्यापुढे जमीन दिवा लावल्यासारखी. वाळलेलं गवत सोन्याचं, जांभ्या दगडाची भिंत पेटलेली, पांढरा बगळा तर असा की बघून डोळे दुखावेत. दहा मिनिटं. मग ढग सूर्यालाही गिळतो, वारा सुटतो आणि पत्रे उडतात.

मास्तरांनी यावर एकच गोष्ट शिकवली, पण ती लाखमोलाची. ट्यूबमधला सगळ्यात पांढरा पांढरासुद्धा त्या उन्हाच्या जवळपास जात नाही. ऊन रंगवता येतच नाही. ऊन सोडून बाकीचं सगळं एकेक पायरी गडद करत जायचं, मग उरलेलं आपोआप ऊन वाटतं. ‘‘बाकीच्यांना खाली बसव, म्हंजे एकजण उभा दिसंल,’’ मास्तर म्हणाले. मी घरी येऊन पांढऱ्याच्या चार मोठ्या ट्यूब परत करायला दुकानात गेलो. त्यांनी घेतल्या नाहीत.

तर मेच्या तिसऱ्या आठवड्यात मी, मास्तर आणि स्कूटर चालवायला माझा भाचा असे पन्हाळ्यावर गेलो. पूर्वेकडे तोंड करून तटाजवळ ईझल लावलं. समोर जोतिबाचा डोंगर, त्याच्यामागे कोल्हापूरकडचं सपाट रान आणि त्याच्यावर हवा तसा ढग. इतका हवा तसा की मला संशय आला. कॅनव्हासला आधीच मातकट रंगाचा पातळ हात मारून वाळवून आणला होता. पॅलेटवर रंग काढले. पहिला ब्रश उचलला आणि मागून आवाज आला.

‘‘काय काढालाय?’’

झुणका-भाकर विकणाऱ्या मावशी होत्या.

‘‘तो ढग.’’

‘‘कुठला?’’

‘‘तो. बैलाच्या वशिंडासारखा.’’

मावशींनी कपाळावर हात धरून बघितलं. ‘‘त्यो तर गेला की!’’

खरंच गेला होता. वशिंडाच्या जागी आता उंटाची मान होती. मी वशिंड पुसून मान काढायला घेतली. मान होईपर्यंत ती वाकली आणि तिला शिडं फुटली. मी शिडं काढली. पर्यटकांची एक गाडी येऊन थांबली, चौघांनी माझ्या खांद्याशेजारी आपापले चेहरे लावून फोटो घेतले. एका पोराने विचारलं, ‘‘काका, तुम्ही मोबाइलवर फोटो काढून घरी का नाही काढत?’’ प्रश्न इतका बरोबर होता की मी ऐकू न आल्यासारखं केलं. मावशी म्हणाल्या, ‘‘दादा, आधी खाऊन घ्या. ढग काय, आनि येतील.’’

अर्ध्या तासाने माझ्या कॅनव्हासवर एकावर एक असे पाच ढग होते आणि पाचही ओले होते. ओल्यावर ओला रंग किती वेळा घासावा याला मर्यादा आहे. ती ओलांडली की निळा, तांबडा, पिवळा, पांढरा सगळे मिळून एकमताने चिखल होतात. रंकाळ्याच्या काठाला जूनमध्ये जो रंग असतो, तो मी मेमध्ये करून दाखवला होता.

मास्तर इतका वेळ भाकरी खात होते. ते हात पुसत आले, माझ्या हातातला नाइफ घेतला आणि माझं सगळं आभाळ खरवडून गवतावर टाकलं. म्हणाले, ‘‘एक ढग ठरव. नीट बघून घे. आनि मग वर बघू नगंस.’’

‘‘आभाळ काढायचं आणि आभाळाकडे बघायचं नाही?’’

‘‘बघत बसलास तर आभाळ तुला काढतंय.’’

इंग्लंडमधला चित्रकार कॉन्स्टेबल 1821 आणि 1822 साली लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला जाऊन नुसत्या ढगांची तैलरंगातली छोटी चित्रं करत असे. एकेक चित्र झटपट उरकायचं आणि त्याच्या पाठीमागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवायची. मला ही पद्धत फार आवडली, कारण ती अगदी गिऱ्हाइकाच्या कार्डासारखी आहे. मीही कॅनव्हासच्या मागे लिहिलं : सायंकाळी 6 वाजून 5 मिनिटे, वारा पूर्वेकडून, डावा डोळा लाल. मग मान खाली घातली आणि ठरवलेला ढग काढायला घेतला. वर काय चाललं होतं देव जाणे. पण खाली, पहिल्यांदाच, काहीतरी ढगासारखं व्हायला लागलं. गडद पोट, त्याच्याखाली जोतिबाचा डोंगर, आणि डोंगराच्या माथ्यावर चैत्रातल्या गुलालासारखी एक गुलाबी तिरीप. ती मी मुद्दाम टाकली. डोळ्यांनी बघितली होती की मनाने, हे आता कोर्टात सिद्ध करता येणार नाही.

तेवढ्यात वीज चमकली. भाचा मोजायला लागला : एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. गडगडाट. आवाजाला किलोमीटरभर यायला तीनेक सेकंद लागतात, म्हणजे वीज दोन किलोमीटरवर. आम्ही तिघं डोंगराच्या कडेला आणि मधोमध माझं ॲल्युमिनियमचं, साडेपाच फुटी, तीन पायांचं ईझल. टर्नर नावाच्या इंग्रज चित्रकाराबद्दल सांगतात की बर्फाच्या वादळात सापडलेल्या बोटीवर त्याने म्हणे स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं होतं, चार तास, वादळ नीट बघता यावं म्हणून. 1842 साली ते चित्र त्याने प्रदर्शनात मांडलं तेव्हा तो सदुसष्ट वर्षांचा होता. लोकांचा या गोष्टीवर फारसा विश्वास नाही. माझा पन्हाळ्यावर उरलासुरलाही उडाला, कारण सहावा आकडा ऐकताच मी ईझल सोडून मावशींच्या टपरीत होतो, आणि माझ्या आधी मास्तर होते.

टपरीतून दिसलं ते असं. वळवाच्या पावसाआधी वारा येतो, आणि वारा येताना एकटा येत नाही. पन्हाळ्याची लाल माती, सुकी पानं, एक गुटख्याची पुडी. सगळं जाऊन ओल्या कॅनव्हासवर बसलं. पुडी निघाली. माती नाही निघाली. ‘माझ्या चित्रात या मातीचा वास आहे’ असं चित्रकार मुलाखतीत सांगतात, तेव्हा त्यात अलंकार असतो. माझ्या चित्राला हात लावलात तर माती खरखरीत लागते. पुढे कळलं की व्हॅन गॉगच्या 1882 च्या शेव्हेनिंगनच्या वादळी समुद्राच्या चित्रातही किनाऱ्यावरची वाळू अशीच अडकली आहे, आणि त्याच्या एका ऑलिव्हच्या झाडांच्या चित्रात तर सव्वाशे वर्षांहून जास्त काळ एक टोळ चिकटून होता. तो 2017 साली अमेरिकेतल्या संग्रहालयात सापडला. मोने तर याच्याही पुढचा. 1885 साली एत्रता इथे समुद्र रंगवताना त्याने भरतीचा अंदाज चुकवला आणि लाटेने त्याला, ईझलला आणि रंगांना एकदमच उचलून नेलं. वाचला, पण पॅलेट तोंडावर आपटून दाढी निळी-पिवळी झाली. असं काही वाचलं की मला एकदम घरचं वाटतं.

पाऊस वीस मिनिटांत थांबला. चित्रावरून पाणी खरंच मोत्यासारखं ओघळलं होतं. चिंता पुढची होती. ओलं चित्र स्कूटरवरून वीस किलोमीटर न्यायचं कसं? मास्तर म्हणाले, दोन कॅनव्हास समोरासमोर धरून मधे बुचाचे तुकडे घालतात. आमच्याकडे एकच कॅनव्हास होता आणि बुच एकही नव्हतं. मास्तर एसटीने गेले. मी भाच्याच्या मागे बसून चित्र दोघांच्या मधे उभं धरलं, रंगाची बाजू माझ्याकडे करून. उतारावर वाऱ्याने कॅनव्हास शिडासारखा फुगला, गिरकी घेऊन फिरला आणि भाच्याच्या पाठीवर बसला. घरी आल्यावर बघितलं तर त्याच्या पांढऱ्या शर्टावर जोतिबाचा डोंगर उमटला होता. उलटा, पण सातांपैकी दोन काकांच्या मते मूळ चित्रापेक्षा मोकळा.

घरात चित्र फ्रिजवर ठेवलं. पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं उडतात. ती ट्यूबलाइटकडे आली, तिथून पांढऱ्या ढगावर उतरली आणि पंख तिथेच ठेवून चालत निघून गेली. बायकोचं म्हणणं टर्पेंटाइनच्या वासाबद्दल होतं. ‘‘घरात ह्या चित्रानं ऱ्हायचं का आपण?’’ मी तिला समजावलं की वास दोन दिवसांत जाईल, मात्र पुसायची फडकी चुरगाळून ठेवायची नाहीत, कारण जवसाच्या तेलाचं फडकं गोळा करून ठेवलं तर आपोआप तापून पेट घेऊ शकतं. हे खरं आहे, पण सांगायची वेळ चुकली. त्या रात्रीपासून फडकी गच्चीवरच्या दोरीवर, एकेक पसरून, आणि माझी उशी हॉलमध्ये.

‘‘आणि वॉर्निश?’’ तिने विचारलं.

‘‘ते सहा महिन्यांनी.’’

‘‘तेवढ्यात लेकरू बसाय लागतंय.’’

वीस दिवसांनी मास्तर चित्र बघायला आले. दारातूनच डोळे बारीक केले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘आभाळ हाय. पर डोळा ठरत न्हाई कुठं.’’ आणि त्यांनी टर्नरची गोष्ट सांगितली. 1832 साली लंडनच्या रॉयल अकादमीत त्याचं करड्या समुद्राचं चित्र कॉन्स्टेबलच्या चित्राशेजारी लागलं. कॉन्स्टेबलचं चित्र वॉटर्लू पुलाच्या उद्घाटनाचं, दहाहून जास्त वर्षं घोटलेलं, तांबड्या झेंड्यांनी आणि होड्यांनी नटलेलं. प्रदर्शन उघडण्याआधी चित्रकारांना शेवटचा हात फिरवायची मुभा असे. टर्नर आला, दोन्हीकडे बघितलं, आपल्या करड्या समुद्रात नाण्याएवढा एक तांबडा ठिपका ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. सगळी खोली त्या ठिपक्याकडे बघायला लागली. नंतर येऊन त्याने त्या ठिपक्याचा पाण्यातला बोया केला.

तांबडा ठिपका! माझ्या काळ्यानिळ्या आभाळाखाली पन्हाळ्याचा घाटरस्ता होताच. त्यावर मी बारीक ब्रशने, श्वास रोखून, कॅडमियम रेडचा एक ठिपका ठेवला. समुद्र नसल्यामुळे बोया करता येईना. मी त्याची एसटी केली.

त्या दिवसापासून माझं आभाळ कुणी बघितलेलं नाही. दुकानात येणारा प्रत्येक माणूस आधी एसटी बघतो. पहिले काका म्हणाले, ही सव्वासहाची पन्हाळा गाडी. दुसरे म्हणाले, सव्वासहाची चढतीये, ही उतरताना दाखवलीय, म्हणजे ही परतीची. तिसऱ्यांनी खालच्या काचेतून बघून सांगितलं की या वळणावर गाडी इतकी डावीकडे घेत नाहीत. एक निवृत्त कंडक्टर काच बदलायला आले होते, त्यांनी तर उभी असलेली माणसं किती असतील याचाही अंदाज दिला. वीस दिवस वाळलेल्या ढगाबद्दल, त्यातल्या पाच ढगांच्या हाडांबद्दल, गुलालाच्या तिरिपीबद्दल, वाळवीच्या पंखांबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. टर्नरने कॉन्स्टेबलचं चित्र मारलं. मी माझंच.

शेवटी मी ते चित्र कामाला लावलं. पाटीवरची अक्षरं जुन्या गिऱ्हाइकांना पाठ असतात, डोळे मिटूनही म्हणतील. म्हणून आता चित्र पाटीच्या शेजारी टांगलंय. आधी विचारतो, ‘‘एसटी दिसते का?’’ दिसली तर विचारतो, ‘‘खिडक्या किती?’’

परवा वडणग्याचे एक आजोबा आले. दोन्ही डोळ्यांचा नंबर बराच वाढलेला. त्यांचा जुना चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि चित्राकडे बोट दाखवलं. आजोबांनी डोळे बारीक केले. मीही काही बोललो नाही. ते बघत राहिले, मान थोडी पुढे काढून, कपाळाला आठ्या घालून.

‘‘एसटी दिसती का, आजोबा?’’

‘‘एसटी न्हाई दिसत.’’ त्यांनी टोपी सरळ केली आणि खुर्चीचा हात धरून उठले. ‘‘वळीव आलाय. दारात मिरच्या वाळत घातल्यात.’’

आणि झपाझप निघून गेले. चष्मा टेबलावरच राहिला. तो घेऊन मी पायरीपर्यंत पळालो, वर बघितलं. कडकडीत ऊन होतं.